आईचं गाठोडं आणि ढगातली कालवंवाली

दिंग गुओजेनच्या आईला दर महिन्याला घर बदलावं लागतं. त्यात विशेष काही नाही. ज्या घरात तीन मुलगे त्या घरातल्या म्हातारीने एक महिना याच्याकडे जेवायचं, एक महिना त्याच्याकडे, ही पद्धत फार जुनी आहे आणि आजूबाजूच्या सगळ्या घरांत ती मुकाट्याने चालते. थोरला वर उत्तरेला ताओयुआन शहरात, मधला म्हणजे आपला गुओजेन चांगहुआला, आणि धाकटा गुओदोंग खाली काओश्युंगला. तिघांनाही वाटतं की वाटणी अगदी न्यायाची झाली आहे. जिची वाटणी झाली तिला मात्र कुणी काही विचारलेलं नव्हतं.

आई तक्रार करायची नाही, हेच तर खरं दुखणं. महिन्याच्या पहिल्या दिवशी फुलाफुलांच्या कापडाचं एक गाठोडं काखेत मारून ती यायची, सुनेच्या हातचं कौतुक करून खायची, आणि दोन-तीन दिवस गेले की वाटी पुढे सरकवून म्हणायची, "भूक नाही रे." मग खिडकीजवळ बसायची. सातव्या मजल्यावरून समोरचा सातवा मजला दिसतो, तो बघायची. समुद्रकाठचं तिचं गाव सुटलं, घर भाड्याने गेलं, आणि बाईचं जेवणच तुटलं. काओश्युंगला तर मागच्या खेपेला तिने इतकं कमी खाल्लं की सलाईन लावायची वेळ आली. त्यावर गुओदोंगने एका वृद्धाश्रमात तिचं नाव घालून ठेवलं होतं. गुओदोंग वाईट माणूस नव्हे. त्याचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान, बायको मेइफांग दवाखान्यात पाळीवर, दिवसभर घरात कुणी नाही. "दादा, माझ्या घरात ती उपाशी मेली तर मी तोंड कुठे दाखवू?" असं तो फोनवर म्हणाला आणि रडला. पुढच्या महिन्यात ती त्याच्याकडे जाणार होती. तिथे जेवली तर ठीक, नाहीतर आश्रम.

आणि एके दिवशी आई जेवली! झालं असं की गावातल्या शेजारणीने, अ-किमने, फोनवर बोलून निरोप पाठवला. ही अ-किम म्हणजे कालवं फोडणारी बाई. गेली चाळीस वर्षं आईच्या दारासमोर बसून कालवं फोडते आणि फोडताना जगाचा उद्धार करते. निरोपात विशेष काही नव्हतं. कुणाच्यातरी कुत्र्याने टोपलीत तोंड घातलं होतं, त्या कुत्र्याच्या, त्याच्या मालकाच्या आणि मालकाच्या सासऱ्याच्या नावाने पाच मिनिटं अखंड शिव्या होत्या. श्यूयिनने, म्हणजे गुओजेनच्या बायकोने, तो निरोप मोठ्याने लावला. आईने ऐकता ऐकता भाताच्या पेजेची अख्खी वाटी संपवली, वर "सासरा खरंच तसलाच होता," म्हणाली आणि आणखी थोडी पेज मागितली.

गुओजेनच्या डोक्यात त्या क्षणी जो प्रकाश पडला, त्याने पुढे घरादाराची झोप उडवली.

आता गुओजेनबद्दल एक सांगायला हवं. तो नळ बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी खात्यात होता. एकदा ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्याने भुवया उपटायच्या चिमट्याने काढला, तेव्हापासून तो तिथला संगणकतज्ज्ञ झाला. माणसाला एकदा तज्ज्ञ म्हटलं की त्याला ते निभवावं लागतं. म्हणून त्याने पन्नाशी उलटल्यावर नागरिकांसाठीच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतलं होतं. आजवर त्याचा उपयोग फक्त श्यूयिनला ऐकवण्यापुरता झाला होता. आता संधी आली.

योजना सोपी होती. गावात जायचं, अ-किमचा आवाज भरायचा, मासळीच्या लिलावाचा गोंगाट, होडीच्या इंजिनाची फटफट, पत्त्यांच्या डावातल्या म्हाताऱ्यांची भांडणं, आणि देवळातली घंटा. प्रत्येक आवाजाला एक चित्र. आईने टॅबलेटवरच्या चित्राला बोट लावायचं की आवाज येणार.

अ-किमने आवाज द्यायला एक क्षणही घेतला नाही, उलट थांबवताना पंचाईत झाली. अडचण आली देवळात. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "घंटा देवीची आहे. परवानगी देणारा मी कोण?"

"मग कुणाकडे अर्ज करू?" गुओजेनने विचारलं.

"देवीकडेच. कौल लावा."

मग गुओजेनने गुडघे टेकून लाकडाचे ते दोन चंद्रकोरी तुकडे टाकले. एक उताणा आणि एक पालथा पडला तर देवीचा होकार, आणि तो सलग तीनदा मिळायला हवा. दोन्ही उताणे पडले. म्हणजे देवी हसली. पुन्हा टाकले, पुन्हा हसली. अध्यक्ष मान हलवत म्हणाले, "तुम्ही विचारताय कसं? देवीला काही कळतच नाहीये. नीट सांगा." गुओजेनने देवीला टॅबलेट म्हणजे काय, फाइल म्हणजे काय, सगळं समजावून सांगितलं. देवी आणखी मोठ्याने हसली. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आई जेवत नाही गं माझी," आणि तुकडे टाकले, तर होकार. पुढच्या दोन्ही वेळा होकार. घंटा मिळाली.

चांगहुआच्या घरी सगळं झकास चाललं. गुओजेनच्या संगणकावर प्रोग्रॅम, त्याच्या डेस्कटॉपवर 'आई' नावाचं फोल्डर, त्यात सगळे आवाज, आणि घरच्या वायफायवर टॅबलेट. आई सकाळी घंटा लावायची, दुपारी अ-किमला, संध्याकाळी पत्तेवाल्यांना. जेवायची! गालावर जरा तकाकी आली. पण महिना संपत आला, आणि हे सगळं काओश्युंगला कसं न्यायचं हा प्रश्न उभा राहिला.

"त्यासाठी क्लाउड असतो," गुओजेन श्यूयिनला म्हणाला. "आपला प्रोग्रॅम ढगात, म्हणजे एका कंपनीच्या यंत्रावर, ठेवायचा. मग आई ताओयुआनला असो की काओश्युंगला, कुठूनही उघडेल."

"ढग कुठे असतो?"

हा प्रश्न बरोबर होता, कारण त्या ढगवाल्या कंपनीनेही तोच विचारला. ढग कुठल्या देशात हवा ते निवडा. यादी लांबलचक होती. गुओजेनने सिंगापूरवर बोट ठेवलं तशी श्यूयिन ओरडली, "आईंना आता सिंगापूरला धाडतोयस? तीन घरं कमी पडली का?" शेवटी त्यातल्या त्यात जवळचा ढग घेतला.

आमच्याकडे रोज संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीची सुरावट ऐकू आली की अख्खी इमारत पिशव्या घेऊन खाली उतरते. गाडी येईपर्यंत जी सभा भरते तिच्यापुढे कुठल्याही विधिमंडळाने हात टेकावेत. त्या सभेत गुओजेनने सहज म्हणून सांगितलं की मी आईसाठी एक गोष्ट ढगात चढवतोय. बस्स. निवृत्त हेडमास्तर तेंगसाहेबांनी आपली पिशवी खाली ठेवली, म्हणजे मामला गंभीर होता.

"खाऊ ठेवलात का?"

हा खाऊ म्हणजे हिरव्या पिशवीतला मक्याचा कुरकुरीत खाऊ. आमच्याकडे बँकेत, दवाखान्यात, कारखान्यात, जिथे जिथे यंत्र म्हणून आहे तिथे तिथे त्याच्यावर ही हिरवी पिशवी ठेवतात. म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. पिशवी हिरवीच हवी, पिवळी ठेवली तर यंत्र रुसतं. तारीख उलटलेली चालत नाही. आणि खायची तर अजिबात नाही. या गोष्टीला कुणी हसत नाही, निदान ज्याच्या हाताखाली यंत्र आहे तो तर नाहीच.

"माझ्या संगणकावर आहे की," गुओजेन म्हणाला.

"पण प्रोग्रॅम तुमच्या संगणकावर राहणार नाही ना? तो ढगात जाणार. ढगातल्या यंत्रावर कोण ठेवणार?"

 असल्या प्रश्नाचं उत्तर गुओजेनला वर्गात शिकवलेलं नव्हतं. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या लियाओ मावशी म्हणाल्या, "अरे, ढगात ठेवता येत नसेल तर गच्चीवर ठेव. तेवढंच जवळ." सगळ्यांनी माना डोलावल्या. गुओजेनने तोंडाने "काहीतरीच काय मावशी," म्हटलं, पण अंधार पडायच्या आत हळूच जाऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक हिरवी पिशवी ठेवून आला. सकाळी बुलबुलांनी ती फोडून टाकली होती. आता सांगा, याचा अर्थ काय घ्यायचा?

तरी प्रोग्रॅम चढला. पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आली. गुओजेनने श्यूयिनला हाक मारून ती खूण दाखवली, मग स्वतः पुन्हा एकदा पाहिली. घरच्या संगणकावर सगळं चालवून बघितलं, घंटा वाजली, अ-किम ओरडली. आणखी काय पाहिजे?

रविवारी दोघं आईला घेऊन काओश्युंगला गेले. गुओदोंगने जेवणाचा थाट केला होता. शेजारची दोन माणसंही मुद्दाम बोलावली होती, कारण दादा काहीतरी आणतोय हे त्याने सांगून ठेवलेलं. गुओजेनने टॅबलेट मधोमध ठेवला, घसा साफ केला आणि प्रस्तावना सुरू केली. संगणकयुग, कुटुंबव्यवस्था, मातृऋण. श्यूयिनने टेबलाखालून पाय मारला तेव्हा तो मुद्द्यावर आला.

"आई, अ-किमला हाक मार."

आईने बोट लावलं. काहीच नाही. पडद्यावर अक्षरं आली: फाइल सापडली नाही.

"जोरात दाब," गुओजेन म्हणाला. आईने जोरात दाबलं. फाइल सापडली नाही. घंटा, फाइल सापडली नाही. होडी, फाइल सापडली नाही.

"काय झालं रे?" आईने विचारलं. "अ-किम नाही का घरी?"

शेजारच्या माणसाने फार समजूतदारपणे भाताचा घास घेतला. मेइफांग म्हणाली, "भाऊजी, आमच्या दवाखान्यातलं यंत्रही असंच करतं. बंद करून चालू करायचं." बंद करून चालू केलं. फाइल अजूनही सापडली नाही. गुओजेनची मान इतकी खाली गेली की समोरच्या सुपात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. ते बघण्यासारखं नव्हतं.

घरी येऊन त्याने शोध लावला. हात्तिच्या! प्रोग्रॅम चढला होता, पण आवाजाच्या फाइली बरोबर गेल्याच नव्हत्या. त्यांनाही बांधून बरोबर न्या असं सांगावं लागतं, ते त्याने सांगितलंच नव्हतं. त्याने सगळं पुन्हा एकत्र बांधलं, पुन्हा चढवलं, हिरवी खूण पाहिली आणि गुओदोंगला फोन केला. "आता दाब."

"फाइल सापडली नाही," गुओदोंग म्हणाला.

"असं कसं? आता तर बरोबर पाठवल्यात! नीट वाच."

"दादा, मी स्कूटर दुरुस्त करतो, पण मला वाचता येतं."

मग गुओजेनने ढगवाल्या कंपनीच्या मदत खात्याला लिहिलं. तिथे आधी एक यंत्र बोलतं. त्याने अतिशय आदराने सांगितलं की आपली अडचण आम्हाला समजली आहे आणि आपला ढग उत्तम प्रकृतीत आहे. माणसाशी बोलायचं असेल तर तक्रार क्रमांक हवा, तक्रार क्रमांक हवा असेल तर तक्रारीचा प्रकार निवडा. प्रकारांत 'आई जेवत नाही' हा प्रकार नव्हता. शेवटी एकदाचा माणूस मिळाला. त्याने तपासून लिहिलं: "फाइली इथेच आहेत. पण आपला प्रोग्रॅम त्या भलत्याच पत्त्यावर शोधतोय."

गुओजेन भडकला. "पत्ता मी लिहिलाय," तो श्यूयिनला म्हणाला. "माझ्या डेस्कटॉपवर, 'आई' फोल्डरमध्ये. माझ्या घरचा पत्ता मला कळत नाही? रोज इथे चालतंय ते काय जादूने चालतंय?" आणि खरंच, घरच्या संगणकावर लावलं की अ-किम तोंड भरून शिव्या द्यायची.

कचऱ्याच्या गाडीपाशी तेंगसाहेबांनी नुसतं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बुलबुलांनी फोडली तेव्हाच मी ओळखलं होतं." लियाओ मावशींनी तोपर्यंत स्वतःच्या खर्चाने गच्चीवर दुसरी पिशवी ठेवली होती, जड कुंडीखाली दाबून.

आणि मग गुओदोंगचा फोन आला. त्याचा आवाज बसलेला होता. "दादा, आई परत नुसती खिडकीशी बसते. काल दोन चमचे सूप घेतलं. आश्रमवाल्यांनी शुक्रवारी खोली बघायला बोलावलंय. मी... मी जाणार आहे बघायला."

 फोन ठेवून गुओजेन उठला, आणि संगणकाच्या वायरी उपसायला लागला.

"दिंग गुओजेन!" श्यूयिनने पूर्ण नावाने हाक मारली, म्हणजे आता ऐकून घ्यायलाच हवं. "काय चाललंय?"

"इथे चालतो ना? मग हाच घेऊन जातो तिच्याकडे. अख्खाच्या अख्खा."

श्यूयिनने त्याच्याकडे बघितलं. मग आतून जुनी दुलई आणली, त्या खोक्याला गुंडाळली, बाळाला गुंडाळावं तशी, आणि वरच्या गाठीत हिरवी पिशवी अडकवून दिली. "तारीख बघून घेतली आहे," म्हणाली.

रेल्वेगाडीत तो खोका मांडीवर घेऊन बसला. दोन्ही हातांनी धरून, हलवू न देता. समोरच्या आजीबाईंनी थोडा वेळ पाहिलं, मग खालच्या आवाजात विचारलं, "कोण गेलं, बाळा?"

"कुणी नाही आजी. हे आईसाठी आहे."

"अगं बाई, आई गेली!" म्हणत त्यांनी आत अस्थी समजून खोक्याला हात जोडले. शेजारच्या दोघांनीही जोडले. गुओजेनने समजावायचा प्रयत्न केला, पण जितकं समजावलं तितकी आजीबाईंना त्याची कीव येत गेली. "नाही पटत रे सुरुवातीला," त्या म्हणाल्या आणि त्याला एक संत्रं सोलून दिलं. त्याने ते खाल्लं आणि काय झालं कोण जाणे, त्याला खरंच रडू आलं. डब्यातल्या सगळ्यांनी मान खाली घातली. काओश्युंगला उतरताना त्याच्यासाठी वाट करून दिली गेली.

गुओदोंगच्या घरी त्याने खोका मांडला, वायरी जोडल्या, वर हिरवी पिशवी ठेवली. अ-किमने पहिल्याच बोटाला कुत्र्याच्या मालकाच्या सासऱ्यापर्यंत मजल मारली. आई हसली.

गुओदोंग हात पुसत दारात उभा होता. "छान. म्हणजे आता तूही महिना महिना फिरणार का, हे खोकं घेऊन? एक महिना माझ्याकडे, एक मोठ्या दादाकडे?"

 सोमवारी गुओजेनला कामावर हजर व्हायचं होतं आणि खोका बरोबर परत जाणार होता. तो तसाच संगणकासमोर बसून राहिला. प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचत होता, पण डोळ्यांपुढे आश्रमाची खोलीच येत होती, कशी असेल, खिडकी असेल का. कधी डोळा लागला कळलंच नाही.

जाग आली तेव्हा दुपार झाली होती. बघतो तर काय, संगणकावरची हिरवी पिशवी गायब!  टेबलाखाली पाहिलं, मागे पाहिलं, पंख्याने उडाली असेल म्हणून पलंगाखाली वाकला. कुठे नाही.

"काय शोधतोयस?" आईने विचारलं. ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, शेजारी फुलाफुलांचं गाठोडं.

"आई, इथे वर एक हिरवी पिशवी होती."

"ती होय!" आईने गाठोड्यात हात घातला आणि पिशवी काढली. वरचा भाग नीट दुमडलेला. अर्धी रिकामी. "जरा भूक लागली म्हणून खाल्ली. तू माझ्यासाठीच आणली होतीस ना? बाकीची ठेवली आहे, संध्याकाळी खाईन."

गुओजेनचं तोंड उघडंच राहिलं. यंत्रावरचा खाऊ खाल्ला, म्हणजे आता सगळंच बोंबललं, असं एक मन म्हणत होतं. आणि आईला भूक लागली, आईने आपणहून काही खाल्लं, असं दुसरं मन म्हणत होतं, आणि ते जास्त मोठ्याने म्हणत होतं.

"खा, खा," तो म्हणाला. "सगळी खा. पण गाठोड्यात कशाला कोंबतेस? मेइफांगने तुझ्यासाठी अख्खा खण रिकामा केलाय. बाम, चष्मा, सुई-दोरा, सगळं लावून ठेवलंय तिथे."

"नको रे बाबा. मी काढून घेतलं सगळं." आईने गाठोडं थोपटलं. "खण कुणाच्या घरातला? सुरुवातीला मी ठेवायची हं. मग इथे यायची आणि तुझ्या घरातला खण शोधायची. हात भिंतीला लागायचा. ताओयुआनला गेले की इथलं कपाट शोधायची. वेड लागायची पाळी आली होती. आता मी कुणाचं घर लक्षातच ठेवत नाही. कुठेही बसव, माझा हात गाठोड्यात. माझं माझ्याजवळ असलं की झालं."

गुओजेन तिच्याकडे बघत राहिला. मग वळून पडद्याकडे बघितलं. त्याचा प्रोग्रॅम ढगात बसून चांगहुआच्या सातव्या मजल्यावरचा डेस्कटॉप चाचपडत होता. गाठोडं त्याच्या काखेतच होतं, सगळे आवाज आत होते, आणि गुओजेन नावाचा गाढव त्याला रोज सांगत होता, दिंग गुओजेनच्या घरी जा, टेबलावर बघ, तिथे 'आई' म्हणून लिहिलंय. हात भिंतीला लागणार नाही तर काय होणार? तो मदत खात्यातला माणूस हेच तर सांगत होता.

"काय रे, बरं नाही का वाटत?" आईने विचारलं.

"नाही आई. मी मूर्ख आहे."

"ते राहू दे. जेवलास का?"

त्याने लिहिलेला पत्ता खोडला. तिथे लिहिलं की जिथे बसला असशील तिथून आपल्याच गाठोड्यात बघ. म्हणजे संगणकाच्या भाषेत लिहिलं, पण अर्थ तोच. इतकंच काम होतं. सगळं पुन्हा ढगात चढवलं. हिरवी खूण आली, तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. खाली दुकानात जाऊन गुओदोंगला घेऊन आला, आणि त्याच्यासमोर स्वतःच्या संगणकाची वायर भिंतीतून उपटली. खोका बंद झाला.

"आता आई, अ-किमला हाक मार."

आईने बोट लावलं. क्षणभर काहीच झालं नाही. गुओजेनने डोळे मिटले आणि त्या हसऱ्या देवीचं नाव घेतलं.

"मेल्या, टोपलीत तोंड घालतोस! तुझ्या मालकाने कधी तुला खायला घातलं नाही का, त्या कंजूष सासऱ्याच्या घरी..."

खोली दणाणून गेली. खालून दुकानातलं गिऱ्हाईक वर डोकावलं, कोण भांडतंय बघायला. आई म्हणाली, "ही बाई काही सुधारायची नाही," आणि हात पुढे करून सांगितलं, "वाटी आणा रे कुणीतरी. कालवं घालून भात करता येईल का?"

गुओदोंग वाटी आणायला म्हणून आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते आणि गालावर ग्रीसचा पट्टा उमटला होता. गुओजेनने हळूच विचारलं, "शुक्रवारी...?"

"शुक्रवारी कुठे जमतंय," गुओदोंग वाटी पुसत म्हणाला. "तीन स्कूटर पडल्यात दुरुस्तीला." मग म्हणाला, "आवाज नवीन घालायचा असेल तर कसा घालायचा, ते मला दाखवून ठेव."

गुओजेनने दाखवलं. दुकानदार माणूस, एकदा पाहिलं की हात बसतो. परत जाताना गाडीत खोका पुन्हा मांडीवर होता, पण या वेळी कुणी विचारलं तर तो सांगणार होता की आई चांगली ठणठणीत आहे. कुणी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात आई ताओयुआनला गेली. चांगहुआच्या घरात खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती आणि गुओजेन तिच्यावर कुणाला बसू देत नव्हता. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. श्यूयिन म्हणायची, "आईंना तिघांकडे करमत नाही म्हणतोस, तुलाच करमत नाहीये." तो म्हणायचा, "काहीतरीच."

एक दिवस कारखान्यात खरेदीच्या भानगडीत दुपार उलटून गेली. डबा तसाच पडला होता. प्रोग्रॅम नीट चाललाय का ते बघावं, एवढ्यासाठीच हं, त्याने ऑफिसातल्या संगणकावर ते पान उघडलं. घंटा, होडी, पत्तेवाले, अ-किम. आणि शेवटी एक नवं चित्र होतं, जे त्याने घातलं नव्हतं. फुलाफुलांच्या कापडाचं गाठोडं.

त्याने दाबलं.

"झालं का सुरू? गुओदोंग, बोलू का आता?... गुओजेन, मी आहे. मी एका घरात असले की दुसऱ्या दोन घरांत नसते ना, म्हणून म्हटलं माझाही आवाज यात घालून ठेवा. तुम्हा तिघांसाठी. जेवलास का? त्या यंत्रापुढे बसून राहू नकोस. डबा घरी न्यायला विसरतोस, श्यूयिन ओरडते. बस, आता बंद कर रे. कसं बंद करतात?"

पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली. "घरून फोन का, दिंगसाहेब?"

"हो," गुओजेन म्हणाला. "आईचा." मग त्याने डबा पुढे ओढला, झाकण काढलं, आणि जेवायला लागला.